एक ठोका मागे

तिला सगळे फुगेवाली म्हणायचे. तोंडावर नाही. तोंडावर ‘बाई’. पण पाठ वळली की शिपायापासून सर्जनपर्यंत सगळ्यांच्या तोंडी फुगेवालीच. हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, एक्स-रेच्याही पुढे, जिथे बाकं संपतात आणि भिंतीला रंग द्यायचा कुणाला आठवत नाही, तिथे तिची खोली. खोलीत एक उंच खाट, आडोशाचा एक पडदा, रंगीत पडद्याचं एक मशीन, कोमट पाण्याचं भांडं आणि ड्रॉवरमध्ये बोटाएवढे रबरी फुगे.

काम सांगायला अवघड, करायला त्याहून अवघड. माणसाच्या शौचाच्या वाटेत एक बारीक नळी घालायची. नळीवर दाब मोजणारे ठिपके असतात. माणसाला सांगायचं, आवळा. मग सांगायचं, सोडा. मग खोका, मग जोर लावा. मशीनच्या पडद्यावर रंग उमटतात. दाब कमी असला की निळा, वाढला की पिवळा, चांगला आवळला की लालभडक. शेवटी तो फुगा आत ठेवून त्यात पाणी भरायचं, आणि माणसाने शेजारच्या संडासात जाऊन तो बाहेर ढकलून दाखवायचा. एका मिनिटात निघाला तर उत्तम. कुणाला कुंथून कुंथून होत नाही, कुणाला आवरत नाही, दोघांचंही दुखणं या खोलीत कळतं. खालचं दार नीट लागतं का आणि नीट उघडतं का, एवढाच प्रश्न. पण त्या एवढ्याशा प्रश्नावर माणसाचं अख्खं जगणं टांगलेलं असतं, हे ज्याच्यावर वेळ आली त्यालाच विचारा.

गल्लीत मात्र तिने कधी खरं सांगितलं नाही. “मी दाब तपासते,” एवढंच. झालं! शेजारणी बाह्या सरसावून दारात. शेवटी तिने रक्तदाबाचं एक यंत्र विकत आणलं आणि अख्ख्या गल्लीचे दाब मोजायला लागली. एक खोटं निभवायला रोजचं एक खरं काम वाढलं. नवरा घड्याळं दुरुस्त करणारा, डोळ्यात भिंग अडकवून हसायचा. “तुझं बरं आहे. वरचाही दाब तुझाच, खालचाही तुझाच.”

ती आली होती नळ्या धुवायला, अठ्ठावीस वर्षांपूर्वी. तेव्हा पडदा नव्हता, कागदाच्या पट्टीवर पेनं रेघा ओढायची. रेघा वाचणारे एक डॉक्टर होते. त्यांना सगळे मास्तर म्हणायचे, कारण ते कुणालाही काहीही शिकवायचे, समोरच्याला हवं असो वा नसो. तिलाही शिकवलं. “हा डोंगर दिसतो ना, हा आवळण्याचा नाही, खोकल्याचा आहे. शेंडा बघ, टोकदार आहे. आवळण्याचा माथा पसरट असतो.” पुढे नळ्या धुणारी नळ्या घालायला लागली, मग तपासणीच घ्यायला लागली. मास्तर निवृत्त झाले तरी दर मंगळवारी रिपोर्ट वाचायला येत, आणि हातात कागद घेतला की पहिला प्रश्न तिलाच, “काय गं, त्या वेळी खोलीत काय झालं?”

म्हणून ती वही ठेवायची. अमुक मिनिटाला शिंकला. तमुक मिनिटाला हसू फुटलं. लाजून पार्श्वभाग आवळला, आतलं नव्हे. आणि एक सवय होती तिची: ‘आवळा’ म्हणताना माणसाच्या कमरेवर दोन बोटांनी टिचकीएवढा ठोका द्यायचा. पाठमोरा पडलेला, अर्धा उघडा, शरमेने मेल्यासारखा झालेला माणूस असतो. त्याला नुसता आवाज पुरत नाही, कुणीतरी आपल्या बाजूला आहे हे कळावं लागतं.

मग सूनबाई आली.

सूनबाई म्हणजे नवं सॉफ्टवेअर. हे नाव तिचंच. सॉफ्टवेअर स्वतः बोलायचं, गोड बायकी आवाजात. “आता आवळा. पाच सेकंद. आता सोडा.” बोलायचंही तेच, वेळ लावायचंही तेच आणि रिपोर्टही तेच छापायचं. “घरात आली, गोड बोलली आणि दुसऱ्या दिवशी किल्ल्या हिच्या कमरेला,” फुगेवाली म्हणायची.

विभागाच्या प्रमुख मॅडम तरुण, हुशार, स्वभावाने सरळ. त्यांनी ठरवलं होतं की शंभर रुग्णांच्या तपासण्या घ्यायच्या. तोच पडदा सॉफ्टवेअरने वाचायचा आणि तोच मास्तरांनी. मास्तरांचं वाचन बंद पाकिटात. शंभर झाले की पाकिटं फोडायची आणि बघायचं, कुठे जुळतं, कुठे नाही. जुळलं तर पुढे मास्तरांची गरज नाही. रुग्णाला मंगळवारपर्यंत थांबायचीही गरज नाही. नियम दोन. तपासणी घेणारीने मास्तरांना काही सांगायचं नाही. आणि सूचना फक्त सूनबाईने द्यायच्या, सगळ्यांना सारख्या. ठोका बंद.

फुगेवालीने नियम पाळले. शिवाय तिला हेही कबूल होतं की सूनबाई कामाला वाईट नव्हती. नुसतं पडून असताना दाब किती, हे तिच्याइतकं नेमकं मास्तरही सांगत नसत. ती दमत नव्हती, तिला घरी जायची घाई नव्हती. एकदा तर नळी बोटभर बाहेर सरकली होती ती सूनबाईनेच आधी ओळखली. तेव्हा फुगेवाली स्वतःवरच चरफडली होती.

एकसष्टावा आला तो टर्नर.

कारखान्यात लेथ मशीनवर लोखंड कातत तीस वर्षं उभा राहिलेला माणूस. मनगटं जाड, बोटांच्या टोकांत लोखंडाचा काळेपणा कायमचा मुरलेला. आतड्याच्या टोकाशी गाठ निघाली होती. ती कापली, वाट तात्पुरती पोटावर काढली, तिथे पिशवी. नऊ महिने झाले होते. आता आतलं सगळं भरून आलं होतं. पोटावरची वाट बंद करून जुनी वाट सुरू करायची की नाही, हे एकाच गोष्टीवर ठरणार होतं: खालचं दार अजून लागतं का. लागत नसेल तर पिशवी बरी. वाट सुरू केली आणि आवरलंच नाही, तर माणूस घराबाहेर पडणार कसा?

“लेथवर वाकावं लागतं हो बाई,” तो म्हणाला. “पिशवी घेऊन वाकता येत नाही. मला गेटवर बसवलंय. येणाऱ्याला म्हणायचं या, जाणाऱ्याला म्हणायचं जा. मी काय दाराची बिजागरी आहे?”

“तेच बघायचंय आज, दार,” ती म्हणाली. तो हसला. तो बसलेला असतानाच तिने समजावलं. आधी आवाज येईल तेव्हा आवळायचं, दुसरा आवाज आला की सोडायचं. मग त्याला डाव्या कुशीवर वळवलं. सगळ्यांनाच डाव्या कुशीवर वळवतात. खाट तशी, मशीनची तार तशी, शिकवणही तशी.

सूनबाई बोलली, “आता आवळा.” बाहेर कुणीतरी जेवणाची ढकलगाडी खडखडत नेत होतं. पडदा निळा. पाच सेकंद गेले. “आता सोडा.” आणि पडद्यावर लाल फुललं. फुगेवालीचा हात आपोआप पुढे गेला, आणि नियम आठवून मागे आला. पुढच्या वेळीही तेच. म्हटल्यावर निळा, नंतर लाल. मोठी आवळ तीस सेकंदांची, तिथेही तीस सेकंद निळा आणि मग लाल. तिने वहीत लिहिलं: सांगतात तेव्हा थंड. मग गरम. का?

मॅडमना त्याच दुपारी विचारलं. मॅडम म्हणाल्या, “ऑपरेशन झालंय, किरणांचे शेक दिलेत. शिरा मंदावतात बाई. रेकॉर्डिंग आहे तसंच राहू दे.”

गुरुवारी सूनबाईचा रिपोर्ट छापून आला. ‘पडून असताना दाब ठीक. आवळण्याची ताकद नाही.’ तो सर्जनच्या टेबलावर गेला. मास्तरांचं पाकीट कपाटात बंद, ते महिन्याने उघडायचं. सर्जनने टर्नरला सांगून टाकलं: पिशवी कायमची. सोमवारच्या बैठकीत नक्की करू आणि फाईल मिटवू.

टर्नर आणि त्याची बायको रिपोर्टची प्रत घ्यायला तिच्या दारात आले. बायकोच बोलली. “मी यांना म्हटलं, जीव राहिला ना, मग झालं. तर म्हणतात, जीव गेटवर बसवायला राहिलाय का?” मग त्याला वळसा घालून ती दुसऱ्या बाजूला गेली आणि म्हणाली, “चला, बस जाईल.”

“घरी मी आवळून बघतो ना बाई,” दारातून जाताना तो म्हणाला. “मला लागतं. मला कळतंय की लागतं. पण मशीन म्हणतं नाही, तर नाहीच असणार. मी पण आयुष्यभर मशीनवरच विश्वास ठेवला.”

हे वाक्य तिच्या डोक्यात कुसळासारखं रुतलं.

शुक्रवारी सकाळी चहा गार होईपर्यंत ती वही उघडून बसली होती. समोर नवरा एका भिंतीवरच्या जुन्या ठोक्याच्या घड्याळाचं पोट उघडून बसलेला.

“उशीर असता तर सारखा असता ना,” ती म्हणाली. “पण हा कधी पाच सेकंदांनी मागे, कधी तीस सेकंदांनी. शीर मंदावली म्हणजे इतकी कशी मंदावेल?”

“कोण मंदावलं?”

“अहो, एक माणूस आहे. ‘आवळा’ म्हटलं की गप्प. ‘सोडा’ म्हटलं की आवळतो.”

नवऱ्याने भिंग काढलं. “आणि परत ‘आवळा’ म्हटलं की?”

तिने वही बघितली. “सोडतो.”

“मग तो बरोबर चाललाय, अगं! हे बघ, हे घड्याळ. काटे चोख. पण चार वाजता तीन ठोके, पाच वाजता चार. लोक म्हणतात बिघडलं. बिघडलंय कुठे? कधीतरी एक ठोका हुकला, तेव्हापासून बिचारं इमानाने एक ठोका मागे चालतंय. उघडून दुरुस्त करायचं काही नाही यात. ठोके तेवढे एकदा जागेवर आणून द्यायचे.”

ती उठली. चहा तसाच.

हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर तिने पडद्याची छापील पट्टी काढली, सूनबाईच्या सूचनांची यादी दुसऱ्या कागदावर लिहिली, आणि ती यादी एक घर सरकवली. पहिला ‘आवळा’ सोडून द्यायचा. ‘सोडा’च्या जागी ‘आवळा’. पुढचं सगळं कुलूप-किल्लीसारखं बसलं. मोठी आवळसुद्धा. सूनबाई मात्र आराम समजून जिथला दाब धरत होती, तिथे तो माणूस जीव खाऊन आवळत होता. आणि ती जिथे आवळ शोधत होती, तिथे तो दम घेत होता.

पण पहिला हुकला कसा? ढकलगाडी खडखडली, कबूल. पुढचे शब्दही ऐकू येऊ नयेत, एवढी काही ती खडखडली नव्हती. तिला बायकोचा तो वळसा आठवला. तिने फोन लावला.

“वहिनी, एक विचारू? दादांना ऐकायला कमी येतं का?”

“कमी?” पलीकडून हसू आलं. “उजवीकडचं दुकान पाच वर्षं झाली बंदच आहे. कारखान्याची कृपा. म्हणून तर मी कायम डावीकडे. भांडायचं असलं की तेवढी उजवीकडे जाते, मनातलं बोलून घेते.”

“मग तेव्हा सांगितलं का नाहीत?”

“कोणी विचारलं? तपासणी खालची होती ना बाई!”

फुगेवालीने कपाळावर हात मारला. डाव्या कुशीवर पडलेला माणूस. चांगला कान उशीत. वर राहिलेला कान बंद दुकान. शब्द कळलेच नाहीत, नुसता आवाज पोचला; पहिला गाडीत बुडाला, म्हणून दुसऱ्यालाच त्याने पहिला धरलं. आणि त्याला तिनेच तसं वळवलं होतं, अठ्ठावीस वर्षांच्या सवयीने. सूनबाईला काय बोल लावायचा? ठोका दिला असता तर कान नसूनही कळलं असतं.

ती सरळ मॅडमच्या खोलीत. पट्टी टेबलावर पसरली आणि सगळं सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं, पट्टी दोनदा बघितली.

“तर्क चांगला आहे बाई. पण असं एकेक रुग्ण परत घ्यायला लागलो, तर अभ्यास कसला उरला? जो निकाल पटला नाही तो पुन्हा करायचा, असं झालं.”

“तुमचा एकसष्ट नंबर तुमच्याकडे ठेवा. जसा आहे तसा, चुकीचा. मी नंबर मागत नाही, माणूस मागते.”

“आणि परत घेऊनही निळाच निघाला तर? त्याला एकदा सांगून झालंय. पुन्हा आशा लावायची आणि पुन्हा तोडायची?”

तिने टेबलावरची पट्टी गुंडाळून घेतली.

“तर मी स्वतः सांगेन त्याला,” ती म्हणाली. “तोंडावर, चांगल्या कानात. पण ऐकूच न आलेल्या हुकुमासाठी त्याला जन्मभर पिशवी नको. सोमवारी फाईल मिटायच्या आधी मला एक तास द्या. नाही दिलात तर मी सर्जनच्या दारात बसेन. मला बसायची सवय आहे, रुग्ण संडासातून बाहेर येईपर्यंत मी रोज बसतेच.”

मॅडमना हसू आलं, ते त्यांनी लपवलं नाही. “उद्या बोलवा. मी येते. पण आधी ते कानाचं मला दिसू दे.”

शनिवारी टर्नरला पुन्हा डाव्या कुशीवर झोपवलं. मॅडम त्याच्या पाठीमागे, नेहमी मशीन असतं तिथे उभ्या राहिल्या आणि सूनबाईच्याच गोड पट्टीत म्हणाल्या, “दादा, तुमचे बूट कुठे आहेत?”

“हो,” टर्नर म्हणाला.

“बूट कुठे आहेत?”

“हो हो, ठीक आहे. काही त्रास नाही.”

आडोशाच्या पडद्यामागून बायको फिस्सकन हसली. मॅडम पाठीमागून पुढे आल्या. मग म्हणाल्या, “बाई, खाट फिरवा.”

खाट फिरवायची म्हणजे मशीन फिरवायचं, आणि मशीनची तार हातभर आखूड. दोघींनी मिळून कपाट सरकवलं, त्याच्यामागे दहा वर्षांची धूळ आणि एक हरवलेली चप्पल निघाली. टर्नर उजव्या कुशीवर वळला. चांगला कान वर. फुगेवालीने नळी बसवली, दोन मिनिटं थांबली, आणि त्याच्या कमरेवर हात ठेवला.

“दादा, सूनबाई बोलेल. मी ठोका देईन. दोन्ही एकदमच.”

“तुमच्या घरातली सूनबाई?”

“या घरातली. आता गप्प पडा.”

“आता आवळा,” आवाज आला. ठोका.

पडदा निळा. एक क्षण निळाच. मग निळ्याच्या मध्यावर पिवळी रेघ उठली, जाड झाली, नारिंगी झाली आणि लाल झाली. पसरट माथ्याची. खोकल्याची नव्हे.

“आता सोडा.” ठोका. लाल विरघळलं.

दुसरी आवळ पहिल्यापेक्षा चांगली. तिसरी थोडी कमी. मोठीला अठरा सेकंद धरलं आणि मग हळूहळू सुटलं. तरण्या माणसासारखं नव्हतं, पण दार लागत होतं. आणि गंमत बघा, नंतर सूनबाईने छापलेला रिपोर्टही तेच म्हणाला: ‘आवळण्याची ताकद मर्यादित, पण पुरेशी.’ ती खोटं बोललीच नव्हती कधी. तिला खोलीतलं कोणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

कपडे घालून टर्नर आडोशाबाहेर आला. फुगेवाली त्याच्या डाव्या बाजूला गेली. “दादा, लागतं. तुम्ही बरोबर होता.”

त्याने दोन्ही हात खिशात घातले. मग बायकोला म्हणाला, “ऐकलंस?”

“मला दोन्ही कान आहेत,” ती म्हणाली, आणि पदराने नाक पुसलं.

ते गेल्यावर मॅडमनी कपाटातून एकसष्टावं पाकीट काढलं. “नियम मीच केला होता, मीच मोडते. आणि मोडला म्हणून अभ्यासात लिहितेही.” आत मास्तरांचा कागद. निकालाच्या चौकटीत त्यांनी काहीच भरलं नव्हतं. चौकट कोरी, आणि समासात वाकड्या अक्षरात: ‘आवळ आहे, पण भलत्या जागी. असं का, ते पडद्यावरून कळत नाही. मी मत देत नाही. जी खोलीत होती तिला विचारा.’

मॅडमनी तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. “सॉफ्टवेअरला कोरं सोडता येत नाही,” त्या पुटपुटल्या, “चौकट आहे म्हणजे ते भरतंच.” मग पेन उचललं. तपासणीच्या फॉर्मवर, सगळ्यात वर, त्यांनी एक ओळ लिहिली: ऐकू कोणत्या कानाने येतं? आणि खाली दुसरी: खोलीत काय झालं? “उरलेले एकोणचाळीस असेच घ्यायचे,” त्या म्हणाल्या. “आणि ठोका सगळ्यांना. सारखा म्हणजे सारखा.”

सोमवारच्या बैठकीत नवा रिपोर्ट सर्जनसमोर ठेवायला फुगेवाली स्वतः गेली, वहीसकट. सर्जनने तिला तीन प्रश्न विचारले, दोनदा पट्टी उलटून बघितली आणि फाईलवरचं ‘कायमची’ खोडलं.

वाट सुरू होऊन महिना झाला तेव्हा टर्नर पुन्हा तिच्या खोलीत आला. पिशवी नव्हती. दिवसातून सात-आठ वेळा पळावं लागत होतं, दोनदा पोचायला उशीरही झाला होता. “बायको म्हणते, आता तुम्ही घरातल्या घरात नोकरीला जाता.” पण कारखान्यात त्याने लेथ मागून घेतलं होतं, अर्ध्या वेळापुरतं. बाकीचं फुगेवालीने मनावर घेतलं होतं. आठवड्यातून दोनदा, नळी बसवून, पडदा त्याच्याकडे वळवून, आवळण्याचा सराव. आपली ताकद आपल्या डोळ्यांनी बघायची आणि लाल थोडं जास्त वेळ टिकवायचं. अठराचे बावीस झाले होते. तिला तीस हवे होते, त्यालाही.

तो सांगायच्या आधीच उजव्या कुशीवर वळला. तिने सूनबाईचा आवाज बंद केला आणि कमरेवर दोन बोटं ठेवली.

“आवळा.”

पडद्यावर लाल फुललं. वीस. चोवीस. त्याच्या मानेवरची शीर तट्ट फुगली होती. सव्वीसला माथा खचला, निळं आलं.

“गेलं का बाई?” तो धापा टाकत म्हणाला. “पुन्हा मागे पडलो?”

“मागे नाही,” तिने वहीत सव्वीस लिहिलं. “ठोक्यावर आहात. दम घ्या, परत करू.”